बियाची पात

आमच्या गावच्या कुरणात गवत कापायची एक रीत होती. दिवाळी सरली की गावात दिवस ठरायचा आणि त्या दिवशी घरटी दोन विळे माळावर जायचे. उताराच्या पायथ्याला सगळे एका ओळीत बसत. प्रत्येकानं हात पोचेल एवढी रुंदी धरायची आणि कापत कापत वर सरकायचं. त्या रुंदीला पात म्हणतात. अशा चाळीस-पन्नास पाती वर चढत आणि माथ्याच्या थोडं अलीकडे सगळे विळे थांबत. तिथून पुढची तीस-पस्तीस पावलांची आडवी पट्टी कुणी कापायची नाही. ती बियाची पात. तिथलं गवत उभ्यानं वाळायचं, त्याचं बी वाऱ्यानं झडायचं आणि पुढच्या पावसाच्या पाण्याबरोबर सगळ्या उतारावर पसरायचं. कुरण कधी कुणाला पेरावं लागलं नाही, ते असं.

त्या पातीची राखण माझ्या वडिलांकडे होती. आम्ही त्यांना आबा म्हणत असू आणि गावही आबाच म्हणायचं. राखणीचा मोबदला म्हणजे कापणीच्या दिवशीची पहिली पेंढी, एवढाच. आबांना सहीपुरती अक्षरं येत होती. बोलणंही बेताचंच. पण कुरणात शिरले की मला एकेक गवत नावानं दाखवत. हे पवन्या, गुरं आधी हेच धरतात. हे मारवेल, ओलीच्या जागी येतं. ही कुसळी, हिचं कुसळ धोतरात शिरतं. "ही लई दिसाया लागली की समजायचं, खाली दगूड जवळ आलाय," ते म्हणत. पुढे कॉलेजात मी याच गवतांची लॅटिन नावं पाठ केली. कुसळी आणि दगड यांचं नातं इतक्या थोड्या शब्दांत सांगणारं पुस्तक मला भेटलं नाही. तेव्हा मी ते शोधतही नव्हतो.

आता कुरण नाही आणि आबाही नाहीत. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल काही लिहावं म्हणून मी अनेकदा बसलो, आणि दर वेळी पहिल्या दोन ओळींनंतर त्या माळावरच जाऊन पोचलो. म्हणून आता तिथूनच लिहितो.

आमचं गाव मिरजगावच्या सडकेपासून आत, बैलगाडीनं दोन तासांवर. पाऊस बेताचा, तोही लहरी. सत्तर सालच्या उन्हाळ्यात कुरण वाटून घेऊन नांगरायचं गावात ठरलं. आधीचे एकदोन पावसाळे बरे गेले होते. घरं वाढली होती, भावाभावांत वाटण्या होऊन रानांच्या पट्ट्या झाल्या होत्या. विहिरींवर इंजिनं आली होती, रेडिओवर रोज जास्त पिकवायला सांगत होते. एवढा मोठा उतार नुसता गवताखाली असावा, हे सगळ्यांनाच चुकीचं वाटू लागलं होतं. मलाही वाटत होतं. मी नगरला शिकत होतो, भिंगारला एका खोलीत राहून. सुट्टीत घरी आलो तर सरपंच चार माणसं घेऊन ओट्यावर बसलेले. कुरण लागवडीला मिळावं म्हणून सरकारकडे अर्ज लिहून हवा होता.

"आबा, तुमचं काय म्हननं?" त्यांनी विचारलं.

"वरची पात ऱ्हाऊ द्या."

"ती कोन नांगरतंय? खडकाला खेटून मरायला कोन जाईल तितं? ऱ्हाईल की ती."

मी अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य होतं : सदर जमीन पडीक असून गावाच्या कोणत्याही उपयोगाची नाही. सरकारला असंच लिहायचं असतं, असं मला वाटत होतं. आबांनी तो मोठ्यानं वाचायला सांगितला. शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "झ्याक लिवलंय," आणि सगळ्यांच्या आधी सही केली. सरकारी भाषा अशीच असते, आपलं पोरगं ती लिहू शकतं, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

नांगर धरला तेव्हा मुळ्यांच्या जाळ्यात फाळ अडकून बसायचा. चार-चार बैल लावावे लागले. पण खाली माती निघाली ती भुसभुशीत, तपकिरी, हातात घेतली तर ओलसर. त्या वर्षी माळावर बाजरी पुरुषभर उंच झाली. आम्हीही दाणे घरी आणले, आणि आनंदानं आणले. ते नाकारण्यात अर्थ नाही.

बियाची पात मात्र सवयीनं तशीच राहिली होती. तिचं बी नेहमीप्रमाणे पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरलं. खाली आता बाजरी होती. खुरपणीला गेलेल्या बायकांना दोन ओळींच्या मधे गवताचे हिरवे दोरे दिसू लागले. त्या बायकांत माझी चुलती होती. आबांचा धाकटा भाऊ लवकर गेला, ती मागे दोन मुली घेऊन राहिली होती. डोक्यावरचा पदर ती आबांसमोर कधी ढळू द्यायची नाही, पण जिभेला आवर नव्हता. आबा बांधावरून जाताना दिसले की ती खुरपं वर करून ओरडायची,

"ओ भावजी! तुमची पोरं आमच्या रानात शिरल्यात. घिऊन जावा!"

"एवढी पोरं एकाच मानसाला व्हत्यात व्हय गं?" दुसरी म्हणायची, आणि सगळी ओळ हसायची.

आबाही हसत. म्हणत, "ती येनारच. त्यांचंच घर हाय ते."

गावात त्या गवताला मग आबांची पोरं असंच नाव पडलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बायकांनी ती मुळासकट उपटून बांधावर वाळत टाकली.

एकाहत्तरला पाऊस ओढला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबली. माळ उघडा राहिला. थंडी सरून वारे सुटले तेव्हा उतारावरून मातीचे लोट उठायचे आणि गावात घरांच्या कौलांवर, झाकलेल्या भाकरीवर बारीक धूळ बसायची. एकदोन पाऊस झाले ते झडीचे नव्हते, ठोकून काढणारे होते. गवत असताना असं पाणी पायाखाली मुरताना ऐकू यायचं. आता ते लाल होऊन ओढ्याला पळालं आणि जाताना वरचा थर घेऊन गेलं. त्यानंतरच्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तर सालाबद्दल वेगळं सांगायला नको.

मी पुढे खूप विचार केला की कुरण कशानं गेलं. नांगरानं की आभाळानं. नुसता दुष्काळ पडला असता तर गवत वाळलं असतं आणि मुळ्या खाली वाट पाहत राहिल्या असत्या. असे दुष्काळ त्या माळानं अनेक पाहिले असतील. नुसता नांगर फिरला असता आणि पाऊस नीट झाला असता, तर मातीचा कस उतरल्यावर लोकांनी कंटाळून चार वर्षांत माळ सोडला असता आणि वरच्या पातीनं तो परत घेतला असता. एकाच वेळी दोन्ही आलं. पण दोन्ही येऊनही वरची पात शिल्लक होती. बहात्तरच्या दिवाळीनंतर सगळा उतार उघड्या कवटीसारखा दिसायचा आणि माथ्याला तेवढी एक पिवळी पट्टी. आबा रोज तिथं जाऊन बसत. पाऊस आज ना उद्या येईल आणि हे एवढं असलं तर बाकीचं होईल, हा त्यांचा हिशेब होता. त्यांना दुसरं काही नको होतं.

मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. दुष्काळी कामं निघाली आणि शिकलेल्या मुलांना हजेरी कारकून म्हणून घेऊ लागले. मला आमच्याच माळावर नेमलं. उताराला आडवे मातीचे बांध घालायचे होते. दोनअडीचशे माणसं, त्यात बायका जास्त. काम टोळ्यांना वाटलेलं. प्रत्येक टोळीनं ठरलेल्या मापाचा चौकोनी खड्डा खोदायचा, ती माती पाट्यांनी नेऊन बांधावर टाकायची, आणि खड्डा मापाला जेवढा भरेल त्याप्रमाणे मजुरी. माप मी घ्यायचं.

आठवड्याभरात एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. उतारावर माती उरलीच नव्हती. वीतभर खाली कठीण मुरूम. कुदळ मारली की टणकन उडायची. दिवसभर राबून खड्डा निम्माही व्हायचा नाही. माती फक्त एका जागी होती. जिथं गवत राहिलं होतं तिथं.

चुलती आपल्या टोळीच्या वतीनं माझ्याकडे आली.

"कारकून साहेब, हात बघा हे." तिनं तळवे पुढे केले. फोड फुटून त्यात धूळ बसली होती. "आमाला वर द्या की. तितं माती लोन्यावानी हाय."

"काकी, ती आबांची पात आहे."

"आबांची? सातबाऱ्यावर आबांचं नाव हाय व्हय? तूच लिवलं हुतंस न्हवं, कशाच्याच उपेगाचं न्हाई म्हनून? सगळ्या गावाला पाठ हाय ते."

मागच्या बायका हसल्या. हसण्यात वाईटपणा नव्हता. मी कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी ओव्हरसियरना विचारलं. ते आठवड्यातून दोनदा जीपनं येत आणि उतरल्याबरोबर परत जायची घाई करत. म्हणाले, "खोदायचं कुठं ते तुमचं तुम्ही बघा. मला माप बरोबर पाहिजे. आणि बांधाच्या पोटात माती लागतेच, नुसता मुरूम पाणी धरत नाही. आत माती, वरून मुरूम, असं घ्या." म्हणजे ठरवायचं माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतीची टोळी वर चढली तेव्हा आबा पातीच्या मधोमध उभे होते. गवत त्यांच्या मांडीला लागत होतं. मी दोरी आणि खुंट्या घेऊन मागे होतो.

"भावजी, बाजूला व्हा जरा," चुलती म्हणाली.

"एवढीच ऱ्हायलीया."

"तुमी थोरलं, तुमच्याम्होरं बोलू न्हाई. पर तीन हप्तं झालं, माझा खड्डा भरंना. गवताचं काय, आज न्हाई उद्या येतंय. तवर मी पोरींच्या पुढ्यात काय ठिवू?"

"आज गेलं तर उद्या येत न्हाई. त्येच सांगतोय मी."

"कशावरनं?"

आबांना उत्तर देता आलं असतं. सगळा उतार समोरच होता. पण तो नांगरायला आमचंही औत होतं, आणि ती बाई उपाशी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं आणि खुंटी ठोकली. दोरी मीच ताणली. तेव्हा ते म्हणाले, "निम्मी तरी ठेव."

मी म्हणालो, "ठेवतो."

तीन दिवस ठेवली. चौथ्या दिवशी बाकीच्या टोळ्या मला घेरून उभ्या राहिल्या. "तिला लोनी आन् आमाला दगूड? आबांची भावजय म्हनून?" एका म्हातारीनं माझ्या हातातलं हजेरीचं पुस्तकच धरलं आणि म्हणाली, "लेकरा, तू शिकलेला हायेस. तू तरी दुजाभाव करू नगंस." मी उरलेली पातही वाटून दिली. दहाबारा दिवसांत तिची माती बांधांच्या पोटात गेली आणि वरून मुरूम पडला. त्या आठवड्यांत सगळ्यांचे खड्डे पुरे भरले. चुलती एकदा आमच्या अंगणात येऊन नुसतीच उभी राहिली आणि परत गेली.

मातीकामात खड्डा खोदताना मधोमध जमिनीचा एक खांब तसाच ठेवतात. मूळ जमीन किती उंच होती याचा तो पुरावा. त्याच्या माथ्यापासून खाली टेप धरून खोली मोजायची. माप झालं की तो पाडून टाकतात. पातीतल्या प्रत्येक खड्ड्यात असा एक खांब उभा होता, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वाळल्या गवताचा एक ठोंब. दुरून माणसं बसल्यासारखे दिसायचे. माप झाल्यावर बायका ते पाडू लागल्या तेव्हा आबा माझ्याकडे आले. त्या दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलत.

"ते खांब पाडाया सांगू नगंस."

"बरं."

"पाऊस पडला की ठोंब उचलतो. आपल्या वाटनीत लावतो."

एवढं मला करता येण्यासारखं होतं, ते मी केलं. चाळीस-एक खांब राहिले. आबांनी सगळ्या खड्ड्यांना बाभळीच्या काट्या लावल्या, कारण शेरडं आत उतरून ठोंब कुरतडत होती. लगेच उचलून घराजवळ लावावेत तर पाणी नव्हतं, प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. संक्रांतीपासून मृगापर्यंत ते दिवसातून दोनदा वर जात. कामावरची माणसं आता थट्टा करत नव्हती. कुणी वाटेत भेटलं तर विचारायचं, "हायत का पोरं?" आणि आबा म्हणायचे, "हायत."

मला माहीत होतं की ती नसतील. चारी बाजूंनी उघडा पडलेला मातीचा हातभर रुंद खांब वैशाखाच्या उन्हात पार आतपर्यंत वाळतो. जमिनीतली मुळी जमिनीच्या आधारानं तग धरते. खांबातल्या मुळीला आधार कसला? मी वनस्पतिशास्त्र शिकलो होतो. आबांना मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, हे मला अजून कळलेलं नाही. आज त्या माळावर कुसळी आहे, तरवड आहे, मधे मधे उघडा खडक आहे. बांध पहिल्या दोन वर्षांतच गाळानं भरून सपाट झाले. पाऊस पुढे अनेकदा चांगला झाला. पवन्या आलं नाही.

त्या वर्षी, त्र्याहत्तरला, पाऊस चांगला झाला. सगळा गाव पेरणीला लागला. खड्ड्यांत पाणी साठलं, आणि इतक्या दिवसांनी माळावर पाणी दिसतंय म्हणून लोक बघायला गेले. आबांनी खांबांकडे पाहिलं. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले, ठोंब पिवळेच राहिले. मग भिजलेले खांब खालून विरघळायला लागले. आधी बुडाशी माती सुटायची, मग वरचा ठोंब एका बाजूला कलायचा, आणि कधीतरी पाण्यात बसायचा. रोज तीन-चार जायचे. आबांनी पडलेले ठोंब बाहेर काढून पाहिले. मुळ्या हातात भुग्यासारख्या आल्या. तरी त्यांनी सात-आठ आमच्या वाटणीत लावले. ते आले नाहीत.

वरच्या कोपऱ्यात एक खांब राहिला होता, इतरांपेक्षा रुंद. त्याच्या ठोंबातून आषाढात दोन हिरवी पानं बाहेर आली. आबा मला हाताला धरून घेऊन गेले. मी वाकून पाहिलं. पवन्याच होतं.

"आत्ता उचलू या," मी म्हणालो.

"नगं. आत्ता हलवलं तर हाय ती मुळी बी तुटंल. आठ दिस धरू दे तिला."

मी आग्रह केला नाही. त्यांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पाचव्या दिवशी दुपारपासून ठोकणारा पाऊस झाला आणि रात्री थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठले, पण वर गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मीच गेलो. खड्डा काठोकाठ भरला होता आणि पाण्यावर काही नव्हतं. मी काठी घालून थोडं ढवळलं. तळाला नुसता चिखल होता.

परत आलो तेव्हा ते तिथंच बसले होते. मी पाय धुतले.

"आहे अजून," मी म्हणालो. "पानं वाढलीत जरा."

त्यांनी माझ्या ओल्या पायांकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"न्हाई. काल सांजच्यालाच पडला. मी हुतो तितं."

आणि भाकरी झाली का ते बघायला आत गेले.